कादंबरीचे रोजचे पान: शब्द कशाने अडतात आणि कशाने वाढतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या लेखिका डोंबिवलीत राहतात आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करतात. जमिनीच्या वाटणीवरून दुरावलेल्या एका कुटुंबाची कादंबरी त्या दोन वर्षांपासून लिहीत आहेत. आतापर्यंत साधारण 22,000 शब्द झाले आहेत, पण त्यांतली पहिली तीन प्रकरणे अनेकदा बदलून लिहिली गेली आहेत. रात्रीची भांडी आवरून झाली की त्यांना सव्वा तास मिळतो. त्यात एखाद्या रात्री 400 शब्द होतात आणि एखाद्या रात्री 50 शब्दांवर सगळे अडते. ‘रोज हजार शब्द लिहा’ आणि ‘पहाटे पाचला उठा’ हे दोन्ही सल्ले त्यांनी वाचले, पहाटे उठूनही पाहिले आणि महिन्याभरात तो बेत बारगळला. आता रोजचे शब्द कसे वाढवायचे, असे त्या विचारतात.

तुमच्या या माहितीत उत्तराचा मोठा भाग आधीच आला आहे. 400 शब्दांची रात्र आणि 50 शब्दांची रात्र या दोन्ही रात्री माणूस तोच आहे, टेबल तेच आहे, वेळ तीच आहे आणि दिवसभराचा थकवाही बहुतेक तेवढाच आहे. त्यामुळे शिस्त, चिकाटी किंवा प्रतिभा कमी पडते या निदानात फारसे तथ्य नाही. त्या दोन प्रकारच्या रात्री तुम्ही नेमके काय लिहीत होतात, ते आठवून पाहा. कादंबरी लिहिणाऱ्या ज्या ज्या लोकांशी मी याविषयी बोललो आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचे उत्तर एकच आले: प्रसंग मध्यावर असतो तेव्हा मजकूर भराभर उतरतो आणि नवा प्रसंग सुरू करायचा असतो तेव्हा हात थांबतो. प्रसंगाच्या मध्यावर पात्रे कुठे आहेत, कोणाला काय हवे आहे, निवेदन कोणाच्या बाजूने चालले आहे हे सगळे ठरलेले असते आणि फक्त वाक्ये करायची बाकी असतात. नव्या प्रसंगाच्या तोंडाशी यांतले काहीच ठरलेले नसते. अशा वेळी आपण एकाच सव्वा तासात निर्णयही घ्यायला बसतो आणि वाक्येही करायला बसतो. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात आणि दोन्ही रखडतात. रोजचे लेखन वाढवण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ही दोन कामे वेगळी करणे, म्हणजे लिहायला बसण्यापूर्वी त्या प्रसंगाचे निर्णय घेऊन ठेवणे. बाकीचे सगळे उपाय याच्यानंतरचे आहेत.

पहाटेच्या सल्ल्याचा निकाल आधी लावतो, कारण त्याने तुम्हाला विनाकारण अपराधी वाटायला लावले आहे. या सल्ल्याच्या समर्थनार्थ अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचा दाखला हमखास दिला जातो. ब्रिटनच्या टपाल खात्यातली नोकरी सांभाळून त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला 250 शब्द व्हायलाच हवेत अशी स्वतःवर सक्ती करी. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आणि त्याच्या मृत्यूनंतर 1883 साली ते प्रसिद्ध झाले. त्याच आत्मचरित्रात आणखीही काही गोष्टी आहेत, ज्या सल्ला देणारे सोडून देतात. त्याला पहाटे उठवायचे काम एका जुन्या नोकराकडे होते आणि त्याबद्दल त्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. कॉफीही तोच आणून देई. आगगाडीच्या प्रवासात ट्रॉलप पेन्सिलीने जे लिही, त्याची स्वच्छ प्रत नंतर त्याची पत्नी काढून देई. ज्या घरात पहाटे पाच ते सात या वेळेत डबे भरायचे असतात आणि ते तुम्हालाच भरायचे असतात, त्या घरात पहाट रिकामी नसते. तुमची वेळ रात्रीची आहे, तर ती रात्रीचीच असू द्या. वेळ कोणतीही चालते, मात्र ती रोज साधारण तीच असावी आणि ती तुमची आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे.

ट्रॉलपची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे, आणि ती घड्याळापेक्षा महत्त्वाची आहे. कादंबरीकाराने आपल्या पात्रांच्या सहवासात राहिले पाहिजे, झोपताना आणि जागे होतानाही ती त्याच्याजवळ असली पाहिजेत, असे तो आग्रहाने सांगतो. शिवाय रोजच्या बैठकीतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात घालवी. याचा अर्थ असा की घड्याळ लावून पाव तासाला 250 शब्द लिहिणारा हा माणूस टेबलाशी कोरा येत नव्हता. त्या पहाटेचे पुष्कळसे काम आदल्या दिवशी इतरत्र झालेले असे.

हे काम प्रत्यक्षात कसे करायचे, ते तुमच्याच विषयासारखे एक उदाहरण घेऊन दाखवतो. समजा, पुढच्या प्रसंगाची नोंद तुमच्या वहीत अशी आहे: ‘अक्का हक्कसोडपत्रावर सही करते.’ ही घटना आहे. तिचा प्रसंग अजून झालेला नाही. एवढ्याच आधारावर रात्री दहाला लिहायला बसले, तर कागदावर बहुधा हे उतरते: ‘त्या दिवशी अक्का लवकर उठली. बाहेर अजून अंधार होता. तिने गॅसवर चहाचे आधण ठेवले.’ पात्र झोपेतून उठते आणि चहा ठेवते, हे लेखकाला प्रसंग कुठून सुरू करायचा ते अजून कळलेले नाही याचे अगदी हमखास लक्षण आहे. (माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत दिवसाची सुरुवात चहाने होणारी प्रकरणे इतकी असतात की आपल्या कादंबऱ्यांतली पात्रे दुसरे काही पीतच नाहीत असे वाटावे.) चहा होतो, आंघोळ होते, रिक्षा येते, तोपर्यंत 300 शब्द झालेले असतात आणि त्यांतला एकही राहणार नाही हे तुम्हालाही मनातून ठाऊक असते. म्हणून हात जड होतो.

आता हीच घटना घेऊन चार-पाच प्रश्न विचारू. हा प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो? प्रसंग सुरू होताना त्या व्यक्तीला काय हवे आहे? समोरच्याला काय हवे आहे, आणि त्यातले काय तो तोंडाने बोलणार नाही? जागा आणि वेळ अशी कोणती घेतली म्हणजे दोघांनाही तिथून उठून जाता येणार नाही? आणि कोणत्या क्षणी थांबायचे? उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहिण्याची गरज नाही. चिठ्ठी एवढीच होते:

‘दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा बाक. साडेबारा वाजलेत, जेवणाच्या सुट्टीआधी नंबर लागेल की नाही याची चुळबुळ. अक्काची नजर. तिची सही करायला ना नाही, दादाने एकदा “तुला काय हवं?” एवढं विचारावं, इतकंच. दादा पाण्याची बाटली आणतो, वेफर्स आणतो, सावलीत बस म्हणतो, तेवढं सोडून सगळं बोलतो. वहिनी फोनवर, पण कान इकडे. नाव पुकारलं की संपव. सही, फोटो, अंगठा यांतलं काही दाखवायचं नाही.’

ही चिठ्ठी 70 शब्दांच्या आत आहे आणि तिच्यात एकही ‘लेखन’ म्हणावे असे वाक्य नाही. तरीही ती हातात घेऊन बसलात तर पहिले वाक्य शोधावे लागणार नाही, कारण बाक आहे, ऊन आहे आणि साडेबारा वाजले आहेत. दादा किती वेळा उठून काय काय आणून देतो, यातूनच प्रसंग पुढे सरकत राहील. अक्काची अपेक्षा निवेदनात सांगायची की नाही, हा प्रश्न लिहिताना येईल. पण तो वाक्याच्या पातळीवरचा प्रश्न आहे आणि त्याच्यासाठीच तर तो सव्वा तास आहे. लिहिता लिहिता चिठ्ठीतले काही बदलले, वहिनी अचानक फोन ठेवून बोलू लागली आणि प्रसंग भलतीकडे गेला, तरी बिघडत नाही. चिठ्ठी पाळण्यासाठी केलेली नसते, हात सुरू होण्यासाठी केलेली असते.

ही चिठ्ठी करायची कधी? तुमच्याकडे डोंबिवली ते सीएसएमटी असा रोजचा दोन वेळचा लोकलचा प्रवास आहे. लोकलमध्ये बसून मोबाइलवर कादंबरी लिहिण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. बसायला जागा मिळण्याची खात्री असलेल्यांना तो मानवतही असेल. पण सकाळच्या गर्दीत एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या व्यक्तीने वाक्यरचनेशी झटापट करू नये. उभ्याने, धक्के खात, डोळे मिटूनही जे करता येते ते निर्णयांचे काम. सकाळी घरातून निघताना एकच प्रश्न बरोबर घ्यायचा, म्हणजे ‘अक्काला नक्की काय हवे आहे?’ एवढाच, आणि प्रवासात तो घोळवायचा. उत्तर सापडले तर फलाटावरून चालताना मोबाइलवर दोन वाक्ये बोलून ध्वनिमुद्रित करायची. संध्याकाळच्या गाडीत जागा आणि शेवटाचा प्रश्न घ्यायचा. रात्री बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चिठ्ठी कागदावर उतरवायची आणि लिहायला लागायचे. एखाद्या दिवशी उत्तर सापडणार नाही. त्या रात्री नवा प्रसंग सुरू करण्याचा हट्ट न धरता पूर्ण 15 मिनिटे चिठ्ठीसाठीच द्यावीत. तरीही काही सुचले नाही तर पुढचा, आधीच स्पष्ट दिसणारा एखादा प्रसंग लिहायला घ्यावा. कादंबरी वाचकाला ज्या क्रमाने वाचायला मिळते त्याच क्रमाने ती लिहिली पाहिजे, असा काही नियम नाही. मात्र पुढची उडी एक-दोन प्रसंगांचीच असावी. शेवटचे प्रकरण आधी लिहून टाकले, तर मधला भाग त्या शेवटाशी जुळवण्याच्या नादात ओढाताणीचा होतो, असा माझा अनुभव आहे.

याच्या जोडीला एक जुनी युक्ती आहे, जी अर्नेस्ट हेमिंग्वेने 1958 साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सांगितली आहे: पुढे काय होणार हे माहीत असते अशा जागी त्या दिवसाचे काम थांबवावे. आपण बहुतेक जण याच्या नेमके उलट करतो. प्रसंग संपवूनच उठायचे, मग समाधानाने झोपायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदासमोर यायचे. तुमच्या 50 शब्दांच्या रात्री कदाचित 400 शब्दांच्या रात्रींच्या पाठोपाठच येत असतील, तपासून पाहा. प्रसंग संपायच्या जरा आधी थांबायचे, किंवा संपलाच तर पुढच्या प्रसंगाची निदान पहिली दोन वाक्ये लिहून मगच वही मिटायची. वाक्य अर्धे सोडण्याइतके टोक गाठायची आवश्यकता नाही. दादा दुसऱ्यांदा उठून वेफर्स आणायला गेला आहे आणि अक्काला वहिनीचा आवाज ऐकू येतो आहे, अशा ठिकाणी थांबले की पुरते.

आता पहिल्या तीन प्रकरणांकडे येऊ. हे जरा कठोरपणे सांगावे लागेल. दोन वर्षांतला तुमचा बराचसा वेळ नव्या मजकुरावर खर्चच झालेला नाही. तो पहिली प्रकरणे घोटण्यात गेला आहे. रोज बसल्यावर आधी मागचे वाचायचे, वाचताना एखादा शब्द खटकायचा, तो बदलायचा, मग परिच्छेद बदलायचा, आणि तेवढ्यात अकरा वाजायचे, हा क्रम आपल्याकडे इतका सर्रास आहे की त्यालाच लेखन समजले जाते. त्या श्रमांचा उपयोगही होत नाही, कारण कादंबरीचा शेवट लिहून होईपर्यंत सुरुवात कशी असावी हे कळत नसते. अक्का सही करणार की नाही, केली तर का केली, हे ठरल्यावर पहिल्या प्रकरणातले निम्मे तपशील आपोआप अनावश्यक ठरतील किंवा नव्याने पेरावे लागतील. म्हणून आज घोटून गुळगुळीत केलेले वाक्य उद्या काढून टाकायचे आहे असे समजूनच चालावे.

यावर उपाय सोपा आहे, पण सुरुवातीला तो जिवावर येतो. कच्चा खर्डा पूर्ण होईपर्यंत फक्त काल रात्रीचे शेवटचे पान वाचायचे, त्याच्या मागे जायचे नाही. ट्रॉलपला तीन तास मिळत म्हणून अर्धा तास वाचन परवडत होते. तुमच्या सव्वा तासात त्याला दहा मिनिटे पुरेत. मागे काही बदलायला हवे असे लक्षात आले, तर ते वेगळ्या वहीत नोंदवायचे: ‘प्र. 2 मध्ये वडिलांचे मृत्युपत्र नव्हते असे आधीच आले पाहिजे.’ आणि तो बदल झालाच आहे असे गृहीत धरून पुढे लिहायचे. साप्ताहिकांतून क्रमशः कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हे सक्तीनेच करावे लागे. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. छापून वाचकांच्या हाती गेलेले प्रकरण परत मागवून सुधारण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. त्या पद्धतीने कादंबऱ्या पसरट होत, हे खरे आहे. पण पसरट खर्डा कापता येतो, नसलेला खर्डा कापता येत नाही.

माहितीसाठी थांबणे हाही याच जातीचा अडथळा आहे. वाटणीची कादंबरी लिहिताना फेरफाराची नोटीस, वारसनोंद, सातबाऱ्यावर नावे कशी चढतात, हक्कसोडपत्राला कोणते मुद्रांक शुल्क लागते असे प्रश्न पावलोपावली येणार. ते लिहिता लिहिता शोधायला घेतले की रात्र तिथेच संपते, कारण शोध मोबाइलवर होतो आणि मोबाइलवर आणखीही बरेच काही असते. त्या जागी चौकटी कंसात प्रश्न टाकून पुढे जावे: ‘तलाठ्याने सांगितले की [किती?] दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर नोंद मंजूर होईल.’ सगळे कंस गोळा करून महिन्यातून एखाद्या शनिवारी एकदम शोधावेत, किंवा गावाकडच्या माहीतगार माणसाला एकाच बैठकीत विचारावेत. तसे विचारताना लक्षात येते की त्यांतले बरेच प्रश्न प्रसंगाला लागतच नव्हते.

शुद्धलेखनाचेही तेच. ऱ्हस्वदीर्घाची काळजी खर्ड्यात करू नये. संगणकावर लिहीत असाल तर चुकांखाली लाल रेघा मारणारी सोय बंद करा. बोलीतल्या संवादांवर ती इतकी रेघाटते की पान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे दिसू लागते आणि लक्ष मजकुरावरून उडते. तुमच्या कादंबरीत बोलीचा प्रश्न असणारच. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, की निवेदनही बोलीत, हा एक मोठा निर्णय तेवढा आत्ताच पक्का करून टाका, कारण तो अधांतरी राहिला तर प्रत्येक वाक्यापाशी पुन्हा उभा राहतो. बोलीतले नेमके रूप ‘व्हतं’ की ‘हुतं’, हे मात्र पुनर्लेखनात, त्या भागातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवून ठरवावे.

साधनांबद्दल थोडेसेच सांगतो. हाताने लिहिणे सोयीचे असेल तर हातानेच लिहा. नंतर टंकलेखन स्वतः करा, कारण ते करताना दुसरा खर्डा आपोआप तयार होतो. डीटीपी करणाऱ्याकडे थेट बाड दिले तर ही संधी जाते. संगणकावर लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा. रोमन अक्षरे टाइप करून पर्यायांतून मराठी शब्द निवडण्याच्या पद्धतीत दर काही शब्दांनी निवड करावी लागते आणि वाक्य डोक्यातून निसटते. त्यापेक्षा देवनागरी अक्षरे थेट उमटवणारा इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यात काही आठवडे घालवणे पुढच्या अनेक वर्षांसाठी फायद्याचे ठरते. बोलून टंकलेखन करण्याची मोबाइलवरची सोय मराठीत बऱ्यापैकी चालते. संवादांसाठी ती मला उपयुक्त वाटते, कारण मोठ्याने बोलले की कृत्रिम संवाद स्वतःच्याच कानाला लगेच कळतो. निवेदनासाठी मात्र ती फारशी जमत नाही; विरामचिन्हे आणि गावांची नावे दुरुस्त करण्यातच वाचलेला वेळ निघून जातो.

आता आकड्यांकडे वळतो. ‘रोज हजार शब्द’ हे उद्दिष्ट इंग्रजी मार्गदर्शनातून आपल्याकडे आले आहे आणि ते जसेच्या तसे घेण्यात एक साधी गणिती चूक आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे तेवढाच आशय मराठीत बराच कमी शब्दांत बसतो. त्यांचे हजार म्हणजे आपले हजार नव्हेत. तुमच्या सव्वा तासासाठी मी 300 शब्दांचे उद्दिष्ट सुचवेन, आणि तेही आठवड्यातून पाच रात्रींसाठी. आठवड्याला 1,500 शब्द होतात. तुमची कादंबरी 60,000 शब्दांची धरली, म्हणजे छापील सव्वादोनशे पानांच्या आसपास, तर उरलेले 38,000 शब्द या वेगाने 26 आठवड्यांत होतात. सणवार, आजारपण, मार्चअखेरचे बँकेचे काम हे सगळे धरून आठ-नऊ महिने म्हणू. दोन वर्षांत 22,000 शब्दांवर असलेल्या व्यक्तीला हा वेग कमी वाटायला नको.

उद्दिष्ट रोजचे ठेवले तरी हिशेब आठवड्याचा करावा. एका रात्री पाहुणे आले आणि शून्य शब्द झाले, तर दुसऱ्या दिवशी 600 लिहून भरपाई करायची, या वाटेने जाऊ नका. तो बोजा दोन दिवसांत इतका वाढतो की वही उघडायचीच भीती वाटू लागते. आठवडा संपला की पाटी कोरी. एका साध्या वहीत रोज एक ओळ लिहावी: तारीख, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती शब्द, कोणता प्रसंग, चिठ्ठी होती की नव्हती, कुठे थांबलो. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे आहेत. दोन महिन्यांनी ही वही चाळली की कोणत्या दिवशी शब्द झाले आणि का झाले, हे कोणाला विचारावे लागणार नाही. हाताने लिहीत असाल तर शब्द मोजत बसू नका; एकदा दहा ओळींतले शब्द मोजून ओळीची सरासरी काढा आणि पुढे फक्त ओळी मोजा. पुनर्लेखनाच्या काळात मात्र शब्दसंख्या हे मापच सोडून द्यावे, कारण तेव्हा चांगल्या दिवसाचा आकडा उणे येऊ शकतो. तेव्हा प्रसंग मोजावेत.

हेही लिहायला हवे की काही रात्री हात थांबण्याचे कारण वरच्यांपैकी कोणतेच नसते. चिठ्ठी तयार असते, वेळ असतो, तरी प्रसंग पुढे सरकत नाही. असे सलग चार-पाच बैठकांत झाले, तर दोष बहुधा त्या प्रसंगात नसतो, त्याच्या दोन-तीन प्रसंग मागे असतो. कुठेतरी एखाद्या पात्राकडून कथानकाच्या सोयीसाठी असे काही करवून घेतलेले असते जे त्याने केले नसते, आणि ते पात्र आता पुढे येत नाही. मागे न जाण्याच्या नियमाला हा एकच अपवाद मी करतो. मागे जायचे, पण वाक्ये सुधारायला नव्हे; तो चुकलेला वळणबिंदू शोधायचा, तिथून पुढचा मजकूर बाजूला काढायचा आणि नव्या चिठ्ठीने सुरुवात करायची. यात पाच-सहा हजार शब्द गेले तरी हरकत नाही. रखडलेल्या महिन्यांपेक्षा ते स्वस्तच पडतात. आणि निव्वळ थकवा असेल, महिनाअखेरीला रोज रात्री नऊला घरी पोहोचत असाल, तर त्या आठवड्यात लिहू नका, चिठ्ठ्या करा. त्या आठवड्याचा हिशेब चिठ्ठ्यांत ठेवा.

दिवाळी अंकांचा एक स्वतंत्र धोका आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून मराठी कथालेखकाचे वर्ष त्या अंकांभोवती फिरत आले आहे. पावसाळा सुरू झाला की संपादकांचे निरोप येऊ लागतात आणि कादंबरी बाजूला पडते. कथा लिहायची असेल तर अवश्य लिहा, पण एकच लिहा, आणि तिच्यासाठी कोणते चार-पाच आठवडे द्यायचे हे आधीच ठरवून कादंबरी त्या अवधीपुरती रीतसर बंद ठेवा. बंद करतानाच पुढच्या दोन प्रसंगांच्या चिठ्ठ्या लिहून ठेवा. परत आल्यावर बाड पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर पुन्हा पहिली तीन प्रकरणे घोटणे सुरू होईल. शेवटचे दोन प्रसंग आणि त्या चिठ्ठ्या एवढेच वाचून कामाला लागावे.

तुमच्यापुरते या आठवड्यात करायचे काम असे. झालेल्या 22,000 शब्दांची छापील प्रत काढून ती घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवायला द्या आणि संगणकावरची ती फाइलही वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. नव्या फाइलमध्ये शेवटचे एक पान तेवढे घ्या. पहिल्या दोन रात्री काही न लिहिता, कादंबरीत अजून यायचे आहेत असे जेवढे प्रसंग आत्ता दिसतात, त्यांची प्रत्येकी एका ओळीची यादी करा. क्रम आणि पूर्णता यांची फिकीर नको. त्या यादीतला सर्वांत सोपा प्रसंग कोणता हे न पाहता, ज्यात कोणाला काय हवे आहे ते तुम्हाला सर्वांत स्पष्ट दिसते तो प्रसंग निवडा आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये त्याचा एक प्रश्न घेऊन चढा.